कोयत्याच्या हिशेबात न बसलेलं दुखणं

बेंगळुरूचं इंदिरानगर सत्तरच्या दशकात आखलं गेलं आणि त्याला इंदिरा गांधींचं नाव मिळालं, एवढं तिथल्या बहुतेक रहिवाशांना ठाऊक असतं. त्याच्या काही भागाला अजून एचएएल सेकंड स्टेज म्हणतात, पोटात डिफेन्स कॉलनी आहे, दक्षिणेकडून जुना विमानतळ रस्ता जातो. या सगळ्या परिसराला ज्या विमान कारखान्याचा आधार मिळाला, तो हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखाना २३ डिसेंबर १९४० रोजी नोंदवला गेला. त्यामागे पुढाकार होता सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचा, आणि भागीदारी म्हैसूर संस्थानाची. याच वालचंदांनी त्याआधी, तिसाच्या दशकात, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला होता. त्या जागेला आज वालचंदनगर म्हणतात. दोन्ही उद्योग देशाभिमानाच्या भरात सुरू झाले आणि दोन्हींनी पुढे मोठा पसारा मांडला. त्या पसाऱ्यात राबणाऱ्या शरीरांकडे मात्र दोन्हीकडे सारख्या नजरेने पाहिलं गेलं नाही.

विमान कारखान्याच्या शेजारी १९५७ साली हवाई दलाची वैमानिकी वैद्यकाची संस्था सुरू झाली. विमान झपकन वळतं तेव्हा वैमानिकाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. तो किती पटीपर्यंत आणि किती सेकंद सोसवतो, हे तिथे गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसवून मोजतात. राकेश शर्मांची अंतराळ मोहिमेसाठी निवड याच संस्थेतल्या चाचण्यांतून झाली, आणि गगनयानासाठी निवडलेले चौघेही तिथूनच पुढे गेले. ते चौघे पुरुष आहेत, कारण निवड चाचणी-वैमानिकांमधून झाली आणि त्या रांगेत बायका अजून पोचलेल्याच नव्हत्या. हवाई दलाच्या उड्डाण शाखेत बायका १९९४ साली आल्या, लढाऊ विमानात २०१६ साली. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. विमानात बसणाऱ्या शरीराची, मग ते पुरुषाचं असो की बाईचं, सोसण्याची हद्द कुठे आहे हे शोधण्यासाठी इथे माणसं, यंत्रं आणि पैसा लावला गेला. ती हद्द ओलांडली तर नुकसान होतं हे गृहीत धरलं गेलं. ऊस तोडणाऱ्या बाईच्या डोक्यावर किती किलोची मोळी चढते, हे मात्र साखरेच्या शंभर वर्षांत कोणत्याही वहीत लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही. बाईची जात सोशिक असते, एवढ्या एका समजुतीवर काम भागलं.

ही समजूत खरी की खोटी, असा वाद नेहमी होतो. बाईला दुखणं कमी जाणवतं का जास्त, कष्टाने शरीर घट्ट होतं का खिळखिळं, असे प्रश्न घेऊन प्रयोगशाळांमध्येही पुष्कळ काम झालं आहे आणि त्यातले निष्कर्ष मोलाचे आहेत. माझं म्हणणं एवढंच की, दुखणं किती सोसलं जातं हे ठरवताना शरीर बाईचं की पुरुषाचं, याच्या बरोबरीने ते शरीर कोणत्या अटींवर राबतं हेही पाहावं लागतं. कधी थांबायचं हे ज्याच्या हातात आहे त्याचे श्रम आणि ज्याच्या हातात नाही त्याचे श्रम, यांचा दुखण्याशी असलेला संबंध वेगवेगळा असतो. ऊसतोडीचा इतिहास हे इतकं स्पष्ट दाखवतो, की त्याच्याकडे पाठ फिरवून दुखण्याबद्दल बोलणं मला अपुरं वाटतं.

मुंबई इलाख्यात ऊस वाढला तो कालव्यांच्या पाण्यावर. नीरेचा डावा कालवा १८८५ पासून वाहू लागला, भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, भाटघरचं त्याच सुमारास. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि खासगी कारखाने भराभर निघाले. हे कारखाने स्वतःच मोठमोठे मळे कसत. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना सुरू झाला आणि चित्र पालटलं. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी कारखान्यांचे मळेही गेले. आता ऊस हजारो लहान शेतकऱ्यांच्या रानांत उभा राहू लागला. आज या रानात, चार दिवसांनी पलीकडच्या गावात, अशी फिरती तोडणी करणाऱ्या टोळ्या लागू लागल्या. साखरेचा उतारा टिकवायचा तर तोडलेला ऊस लवकर गाळावा लागतो. म्हणून वाहन आलं की रात्री दोन वाजताही भरायचं, ही शिस्त आली. हे करायला पाणी असलेल्या गावातली माणसं तयार होईनात. बीड, पाथर्डी, शेवगाव, जालन्याकडची कोरडवाहू माणसं तयार होती, कारण दिवाळीनंतर त्यांच्या रानात काही उरत नसे. १९७२ च्या दुष्काळाने तर बालाघाटच्या डोंगररांगांमधली गावंच्या गावं या वाटेला लावली. त्यातले कितीतरी जण सांगली-कोल्हापूर ओलांडून बेळगावकडच्या कारखान्यांपर्यंत जातात.

या व्यवस्थेत मजुरी ठरते टनावर आणि मजूर मोजला जातो कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. टोळी जमवणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला, पन्नास हजारांपासून लाखावर कितीही. ती हातात पडते नवऱ्याच्या आणि फिटते दोघांच्या अंगावर. एक दिवस कामाला दांडी पडली तर खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंड उचलीत चढतो. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. पण ज्या बाईचं वेतन वेगळं लिहिलंच जात नाही, तिचं वेतन समान आहे की नाही हे तपासणार कसं? १९७९ साली स्थलांतरित मजुरांचा कायदा झाला. तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांना लागू होता. म्हणजे बीडहून बेळगावला गेलेली बाई निदान कागदावर त्याच्या कक्षेत येई, आणि बीडहून कोल्हापूरला गेलेली येत नसे. जोडी पुरी व्हावी म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरीबाळींची लग्नं उरकण्याची रीत या हिशेबातूनच वाढली, आणि बाळंतपणही याच हिशेबात बसवलं गेलं.

काम कसं चालतं ते जरा जवळून पाहू. पहाटे तीन-साडेतीनला बाई कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, चूल पेटवते, दिवसभराच्या भाकरी थापते आणि उजाडायच्या आत जोडी फडात असते. पुरुष बुडातून ऊस तोडत पुढे सरकतो. बाई वाकून तो गोळा करते, पाचट सोलते, वाढं छाटते, आणि उसाच्या वाढ्याच्याच पिळाने मोळी बांधते. कित्येक जणी तोडतातही. ऊस सोलताना पानांच्या कडा करवतीसारख्या हातांवरून फिरतात. उसाची बारीक काटेरी कूस तर गळ्यात, पाठीत, कपड्यांत शिरते. वाहन आलं की मोळी डोक्यावर घ्यायची, ढेकळांतून चालत जायचं, ट्रकला लावलेल्या फळीवरून तोल सांभाळत चढायचं आणि वर फेकायची. मोळी पंचवीस किलोची धरली, आणि ती अनेकदा याहून जड असते, तरी एका टनाच्या चाळीस मोळ्या होतात. जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. त्यातली निम्मी वाहतूक बाईची धरली तरी तीस-चाळीस वेळा ती फळी चढते आणि उतरते. हे पाच-सहा महिने, पाळी असताना, पोटूशी असताना, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत. अंघोळीला आडोसा नाही, लघवीला जायची सोय नाही, म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचं. पाळीचं कापड धुवायला स्वच्छ पाणी नाही, वाळवायला जागा नाही. संध्याकाळी पुरुष बसतो तेव्हा बाई पाणी आणि सरपण बघायला निघते, आणि वैरणीसाठी वाढं विकून मीठमिरचीपुरते पैसेही बहुधा तीच करते.

आता प्रयोगशाळेकडे वळू. दाब, उष्णता, गारठा यांनी वेदना निर्माण करून मोजलं, तर सरासरीने बायका वेदना लवकर जाणवल्याचं सांगतात आणि थोडी कमी सोसतात, असं बहुतेक अभ्यासांत आढळलं आहे. अर्धशिशी, सांधे-स्नायूंची जुनाट दुखणी बायकांमध्ये जास्त दिसतात. यामागे काही भाग जैविक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०१५ साली उंदरांवरच्या संशोधनात असं दिसलं की, जुनाट वेदना टिकवून धरणाऱ्या पेशीच नरात आणि मादीत वेगळ्या असतात. बोलीतल्या सोशिक बाईचं चित्र म्हणजे या निष्कर्षांच्या बरोबर उलटं. पण प्रयोगशाळेलाही आपली दृष्टी तपासावी लागली आहे. वेदनेवरच्या एका प्रमुख नियतकालिकात दहा वर्षांत छापलेले प्राण्यांवरचे प्रयोग २००५ साली पाहिले गेले, तर त्यातले सुमारे ७९ टक्के केवळ नरांवर झालेले निघाले. १९९१ साली झालेल्या एका प्रयोगात पुरुषांनी आपली वेदना बाई प्रयोगकर्तीसमोर कमी सांगितली, पुरुषासमोर जास्त. वेदना मोजणाऱ्या आकड्यात समोर कोण बसलं आहे हेही मोजलं जातं. बर्फाच्या पाण्यात हात घातलेल्या विद्यार्थ्याला हे लागू पडत असेल, तर मुकादमासमोर उभ्या असलेल्या कर्जदार बाईला ते कितीतरी पटींनी लागू पडणार.

शारीरिक हालचालींचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. खेळाडू सामान्य माणसापेक्षा वेदना जास्त सोसतात, हे अनेक अभ्यासांतून पक्कं झालं आहे. नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरात दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा सात-आठ वर्षांच्या अंतराने दोनदा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. जे हालचाल करत होते त्यांनी थंड पाण्यात हात जास्त वेळ ठेवला, आणि ज्यांनी मधल्या काळात हालचाल वाढवली त्यांची सहनशक्ती तुलनेने जास्त दिसली. हा परिणाम बायकांत आणि पुरुषांत ठळकपणे वेगळा असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. हे वाचून कुणी म्हणेल की मग ऊसतोड बाई तर आयुष्यभर व्यायामच करते, तिची सोशिकता ही त्याचीच कमाई, त्यात तक्रारीला जागा कुठे? हा आक्षेप वरवरचा नाही. त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

एक तर, त्या अभ्यासात मोजलेली हालचाल मुख्यतः फावल्या वेळेतली होती. धावणं, पोहणं, डोंगर चढणं यांत दम लागला की थांबता येतं, दुसऱ्या दिवशी विश्रांती घेता येते, पोटात अन्न असतं. इंदिरानगरच्या शंभर फुटी रस्त्यावर व्यायामशाळांत वजनं उचलली जातात ती पाठीचा कणा ताठ ठेवून, वाढत्या क्रमाने, मधे दिवस सोडून, आणि चुकलं तर शेजारी सांगणारा प्रशिक्षक असतो. त्याच गल्ल्यांत जुने बंगले पाडून इमारती चढत असतात, आणि तिथे घमेली वाहणाऱ्या बायकांना यातलं काहीही मिळत नाही. दुसरं असं की, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात सहा आठवडे व्यायाम करणाऱ्यांची वेदना सोसण्याची मुदत वाढली, पण दुखायला कुठे सुरुवात होते ती पातळी तिथेच राहिली. म्हणजे दुखतं तितकंच, फक्त माणूस अधिक वेळ तग धरतो. खेळाडूला हे वरदान आहे. जिला थांबता येत नाही, तिला तेच घातक ठरतं, कारण दुखणं शरीराने दिलेला इशारा असतो आणि ती तो अधिकाधिक काळ मागे सारत जाते. दुखणं अंगावर काढणं म्हणतात ते हेच.

डेन्मार्कमधले आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी गेली काही वर्षं एक कोडं मांडत आले आहेत. फावल्या वेळेतले श्रम आरोग्य सुधारतात आणि पोटासाठीचे जड श्रम ते बिघडवतात, असं का? पोटासाठीच्या श्रमात ओझं तासन्‌तास एकसारखं राहतं, सावरायला वेळ मिळत नाही, आणि वेग दुसरा ठरवतो, हे त्यांचं उत्तर मला पटतं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१८ साली जवळपास दोन लाख लोकांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात जड काम करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका १८ टक्के जास्त आढळला, बायकांमध्ये तसा आढळला नाही. मग माझ्या मुद्द्याचं काय? ती आकडेवारी मृत्यूची आहे, दुखण्याची नाही, आणि बहुतांश श्रीमंत देशांतली आहे. तिथे बायकांच्या जड कामाच्या यादीत डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढणं नसतं. त्या बाईचा अभ्यास झालेलाच नाही, आणि ज्याचा अभ्यास झाला नाही त्याला निर्दोष धरून चालणं हीच तर जुनी खोड आहे.

ही खोड वसाहतकाळापासूनची आहे, आणि तिचा उगम आपल्याकडेच शोधायचं कारण नाही. १८४७ साली एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला आणि १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने तो घेतला, तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांत एक मत प्रचलित होतं. सुसंस्कृत, उच्चवर्गीय बाई नाजूक असते, तिला वेदना जास्त होतात, आणि राबणाऱ्या किंवा काळ्या-सावळ्या बायकांना बाळंतपण सोपं जातं, असं ते मत होतं. त्यामुळे वेदनाशामक कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणं सोपं झालं. आपल्याकडेही राबणाऱ्या बाईला बाळंतपण जड जात नाही, बांधावर बाळंत होऊन ती पुन्हा खुरपं धरते, असं कौतुकाने सांगितलं जातं. त्या कौतुकात जात आहे, वर्ग आहे, आणि तिच्या कळा कुणी विचारल्या नाहीत ही साधी वस्तुस्थिती आहे. १९८८ साली इला भट यांच्या अध्यक्षतेखाली आलेल्या श्रमशक्ती अहवालाने असंघटित बायकांच्या कष्टांची आणि त्यातून येणाऱ्या दुखण्यांची दखल घेतली होती. साखर कारखान्यांच्या वार्षिक अहवालांत मात्र तोडणी आणि वाहतूक हा खर्चाचा एक रकानाच राहिला.

२०१९ च्या एप्रिलमध्ये एका इंग्रजी दैनिकात बातमी आली की, बीड जिल्ह्यात कित्येक गावांत तरुण बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढलेल्या आहेत. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे दर सहा जणींमागे जवळपास एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३.२ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची रीत आणि वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, तरी एवढं अंतर पद्धतीतल्या फरकाने भरून निघणारं नाही. अंगावरून जाणं, पांढरं जाणं, ओटीपोटात आणि कंबरेत कळा, अशा तक्रारी घेऊन बायका खासगी दवाखान्यांत गेल्या होत्या. पिशवी खराब झाली आहे, कॅन्सर होईल, असं त्यातल्या अनेकींना सांगितलं गेलं. शस्त्रक्रियेचे वीस-पंचवीस हजार, कुठे त्याहूनही जास्त, पुन्हा मुकादमाच्या उचलीतून आले.

यावर दोन बाजूंनी बोललं गेलं. काही जणांनी सारा दोष डॉक्टरांच्या लोभावर टाकला. काही जण म्हणाले की, बायकांनीच मागून शस्त्रक्रिया करून घेतल्या, त्यांच्या निर्णयाचा आदर करा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. काही शस्त्रक्रिया खरोखर गरजेच्या असणार, गाठी आणि न थांबणारा रक्तस्राव यांवर कधीकधी दुसरा इलाज उरत नाही. पण खाड्याचा हिशेब समोर ठेवून पाहिलं, तर महिन्याचे तीन-चार दिवस मोडू नयेत म्हणून पिशवीच काढून टाकणं हा त्या बाईने केलेला बिनचूक हिशेब ठरतो, आणि मला सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो. दुखण्याचं कारण वजनात होतं, पाण्यात होतं, न मिळालेल्या विश्रांतीत होतं. ते सगळं बदलणं तिच्या हातात नव्हतं. तिच्या हातात होतं फक्त तिचं शरीर, म्हणून बदल तिथे झाला. आणि दुखणं थांबलं का? कंबर मोळीने मोडली असेल तर गर्भाशय काढून ती बरी होत नाही. अंडाशयंही काढली गेली असतील तर रजोनिवृत्ती पंचविशी-तिशीतच येऊन बसते, अंग तापतं, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. त्याच हाडांवर पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा मोळी चढते.

पुरुषही भोगतात, हे म्हणणं योग्यच आहे. कोयता पायावर बसतो, फडात साप निघतो, पाठ कायमची जाते, रात्री दारूशिवाय झोप येत नाही. पुरुषाने दुखणं दाखवू नये या शिकवणीची किंमत ते आयुष्यभर मोजतात. बेंगळुरूच्या अनिल कुंबळेने २००२ साली अँटिगाच्या मैदानावर मोडलेल्या जबड्याला पट्टी बांधून गोलंदाजी केली, लाराला पायचीत केलं आणि मग शस्त्रक्रियेसाठी तो घरी परतला. आपण सगळ्यांनी ते धैर्य म्हणून डोक्यावर घेतलं आणि ते धैर्य होतंच. पण त्याचं दुखणं सगळ्या जगाने पाहिलं, त्याला नाव मिळालं, त्याला थांबायची मुभा होती आणि न थांबणं हा त्याचा निर्णय होता. फडातल्या पुरुषाचा घावही निदान डोळ्यांना दिसतो, टोळी त्याला दवाखान्यात नेते. बाईचं दुखणं ओटीपोटात आणि कमरेत असतं, त्याविषयी मुकादमाशी बोलायची सोय नाही, दिरासमोर बोलायची नाही, नवऱ्याशी बोलली तर खाड्याचं गणित दोघांच्या मधे येऊन बसतं. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली तेव्हा स्पष्ट म्हटलं की, माणूस दुखतं म्हणतो तेव्हा त्याचा मान राखला पाहिजे, आणि बोलून दाखवता आलं नाही म्हणून दुखत नाही असं होत नाही. यातलं दुसरं वाक्य ऊस तोडणाऱ्या बाईला तंतोतंत लागू पडतं.

आता यंत्रं येतील, हा प्रश्न आपोआप मिटेल, असंही म्हटलं जातं. ऊस तोडणाऱ्या यंत्रांना सरकारी अनुदान मिळतं आणि ती वाढत आहेत. पण लहान तुकड्यांत, अरुंद सऱ्यांत, ओल्या रानात ती सगळीकडे चालत नाहीत, आणि जिथे चालतील तिथे आधी घरी बसवलं जाईल ते तिला, पर्यायी रोजगाराशिवाय. तोवर निदान हाताशी असलेलं करता येतं. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना याबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. हे आवश्यकच होतं. पण ही राखण दवाखान्याच्या दारात आहे, दुखणं फडात तयार होतं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ झालं आहे. त्याच्या नोंदणीत बाईचं नाव नवऱ्याच्या कोयत्यापासून वेगळं, तिच्या स्वतःच्या मजुरीसह यायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली ती वाजवी होती. पण दर टनाला वाढतो तेव्हा जास्त टन तोडायची ओढही वाढते, आणि पाळीच्या दिवशी बसून राहणं आणखी महाग होतं. म्हणून खाडा बंद करणं हे दरवाढीइतकंच महत्त्वाचं मागणं असायला हवं. तळावर पाणी, संडास, आणि फिरता दवाखाना ज्यात बाई डॉक्टर किंवा परिचारिका असेल, हे खर्चाच्या मानाने काहीच नाही.

आणि वजन. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचं ३४ वं कलम सांगत होतं की, इजा होईल इतकं ओझं कुणाला उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावता येणार नाही, आणि पुरुष, स्त्री, किशोर यांच्यासाठी कमाल वजन किती हे राज्य सरकारांना ठरवता येईल. साखर कारखान्याच्या आत पोतं उचलणाऱ्याला हे कलम लागू होतं. तो ऊस ज्या बाईने डोक्यावरून वाहनात चढवला तिला ते लागू नव्हतं, कारण रान म्हणजे कारखाना नव्हे. कारखान्याच्या दारातल्या काट्यावर तोच ऊस किलोपर्यंत मोजला जातो, त्याची पावती निघते, तिच्यावर शेतकऱ्याचं बिल, वाहतुकीचं भाडं आणि तोडणीची मजुरी ठरते. ही मोजणी काट्यावरून मागे, फळीच्या पायथ्यापर्यंत नेणं अवघड नाही. टोळीकडे एक साधा ताणकाटा आणि मोळीला कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा, एवढंच त्याला लागतं, आणि ती मर्यादा किती असावी हे ठरवण्यासाठी आधी त्या बायकांच्या पाठीचा, गुडघ्यांचा, ओटीपोटाचा अभ्यास करावा लागेल, जसा वैमानिकांचा बेंगळुरूत झाला.